कुली कोण, आणि त्याची कूली कोणी खाल्ली?

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर मोटार थांबली की आतला उतारू खिडकीतून ओरडतो, "ए कुली!" आमचा ठाकूर नाही तर कातकरी भाऊ धावतो, बोचके डोक्यावर घेतो व डोंगर चढू लागतो. त्याला नाव असते. ते कोणी विचारीत नाही.

"शब्दात काय आहे?" असे शहाणे लोक आम्हांस विचारतील. ज्यांना आयुष्यात कोणी 'ए कुली' म्हणून हाक मारली नाही, त्यांनी असे विचारावे यात नवल ते काय?

हा शब्द इंग्रजीने आपल्याच देशातून उचलला. आधी पोर्तुगीजांच्या तोंडी बसला, मग इंग्रजांच्या. कोशकारांपैकी कित्येक म्हणतात, तो गुजरातेकडील कोळी लोकांच्या नावावरून आला. म्हणजे आमच्या डोंगरात जे महादेव कोळी नांगर धरतात, त्यांच्याच नावाचा हा अपभ्रंश. दुसरे म्हणतात, मूळ तमिळ आहे. तमिळीत 'कूली' म्हणजे मजुरी, कष्टाचा मोबदला. तिसरा पक्ष तुर्की भाषेकडे बोट दाखवितो. तेथे 'कुल' म्हणजे गुलाम. हा तिसरा पक्ष सर्वांत लंगडा. पण साहेबाने अर्थ नेमका तोच घेतला!

आता वाचकांनीच विचार करावा. शब्द कोळ्यांचा धरला, तर त्यात माणसांचे नाव होते. तमिळांचा धरला, तर त्यात मजुरी होती. साहेबाच्या तोंडून तो बाहेर पडला तेव्हा नावही गेले आणि मजुरीही गेली. मागे उरले काय? नुसते ओझे.

याचा पुरावा शोधायला लांब जावयास नको. खोपोलीपर्यंत आगगाडी आली 1856 साली. पुण्याकडची गाडी खंडाळ्यापर्यंत पोहोचली 1858 साली. मध्ये बोरघाट उभा. पाच वर्षे साहेबांच्या पालख्या व पेट्या माणसांच्या खांद्यांवरून घाट चढत होत्या. त्याच वेळी शेजारी कडे फोडून रस्ता चालला होता. काम ऐन भरात असता चाळीस हजारांवर माणसे तेथे राबत होती. पंचवीस बोगदे खोदले गेले. पटकी व तापाने माणसे पटापट मेली. मेलेल्यांचा आकडा काही अभ्यासक पंचवीस हजारांवर नेतात. 1859 साली मजुरीच्या तंट्यावरून मजुरांनी दंगा केला. त्याच साली फॅव्हिएल साहेबाने कंत्राट सोडले. पुढचे ट्रेडवेल साहेब थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांच्या बाईने काम हाती घेतले. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर फ्रिअर यांनी घाट खुला केला. ही सर्व नावे पुस्तकांत आहेत. बाईंच्या धैर्याबद्दल आमचे दुमत नाही. पण ज्यांनी सुरुंग ठासले त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव कोणी सांगावे! दफ्तरात ते सगळे कुली.

याच नावाने माणसे 1834 पासून मॉरिशसला गेली, पुढे नाताळला गेली. तेथे गांधी वकिली करू लागले, तर त्यांनाही 'कुली बॅरिस्टर' म्हणू लागले. बॅरिस्टरी शिकून हा शब्द सुटला नाही, मग आमच्या भावाची काय कथा!

2016 च्या रेल्वे अंदाजपत्रकात मंत्र्यांनी जाहीर केले की यापुढे कुलींना 'सहायक' म्हणावे. बरे झाले. पण नाव बदलून ओझे हलके झाले नाही, की पगार सुरू झाला नाही.

आणि जुना शब्द गेला म्हणावे, तर नवा उभाच आहे. कर्जत-खालापुरात फार्महाऊस बांधणारा मुकादमाला फोन करतो, "उद्या चार लेबर पाठव." चार माणसे नव्हे, चार लेबर, चार पोती सिमेंट म्हणावे तसे. दिवाळीनंतर आमची कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. तेथे हिशेब हजार विटांमागे, आणि तो एका पुरुषाच्या नावावर. गारा तुडविणारी बायको व विटा उलटविणारे पोर वहीत नसतातच. पावसाळ्यात घरी येताना उचल फिटलेली नसते. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा आहे. त्यात पेशगीपायी राबविणे हा गुन्हा आहे. भट्टीवाल्याला हे ठाऊक आहे. आमच्या भावाला ते कोणी वाचून दाखविलेले नाही.

माथेरानात माणसाने माणूस ओढण्याच्या रिक्षा 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत बंद करण्याचा हुकूम दिला. विजेच्या रिक्षा आधी त्या ओढणाऱ्यांनाच द्याव्या, असेही न्यायालयाने बजाविले. परवानाधारक 94. भाड्याने ओढणारे व डोक्यावर सामान वाहणारे त्याहून वेगळे. त्यांत बायकाही आहेत. यादी करणाऱ्यांनी त्यांचीही नावे लिहावी, बापाच्या नावासकट. आणि यंदा भट्टीवर निघणाऱ्या प्रत्येक घराने उचल घेण्याआधी मुकादमाकडून दर, उचल व कामावर येणाऱ्या सर्वांची नावे कागदावर लिहून घ्यावी. लिहिता येत नसेल तर गावातल्या शाळकरी मुलीला हाताशी धरावे. मुकादम नाही म्हणाला, तर चार साक्षीदारांसमोर नाही म्हणू द्यावा.