नक्कल किती हुबेहूब असावी?

माल्कम एक्स यांचा तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. पडदा किंचित बाजूला करून ते खिडकीतून बाहेर बघताहेत आणि हातात बंदूक आहे. १९६४ साली 'एबनी' मासिकात तो छापून आला. त्याच वर्षी ते हजला जाऊन आले होते. जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या घरावर पेटते बॉम्ब फेकले गेले आणि आठवड्याभरात त्यांचा खून झाला.

फोटोतली बंदूक म्हणजे एम-१ कार्बाइन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा साठ लाखांहून जास्त बनवल्या. वजन जेमतेम अडीच किलो. टाइपरायटरवाली अंडरवुड, आयबीएम, अगदी ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओलासुद्धा या कामाला जुंपली होती. सर्वांत जास्त कार्बाइन बनल्या त्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात, जनरल मोटर्सच्या इनलँड विभागात.

आता तिच्या नकला निघतात. (अस्सल आणि नक्कल, दोन्ही शब्द आपल्याकडे अरबीतूनच आले.) इनलँड हेच नाव घेऊन डेटनमध्ये एक नवी कंपनी उभी राहिली. ती आणि ऑटो-ऑर्डनन्स मूळ .३० कॅलिबरची गोळी ठेवतात. इटलीची कियाप्पा .२२ आणि ९ मिमीची आवृत्ती काढते. रूप कार्बाइनचं, गोळी स्वस्त. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या नावाने मिळणारी तर कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर छर्रे उडवते.

शौकीन लोक तुलना करतात ती बारकाव्यांची. संगीन अडकवायची खोबण आहे का? ती युद्धाच्या अखेरीस आली, म्हणून इनलँड १९४४ची आणि १९४५ची अशी दोन वेगळी मॉडेल्स देते. मूळ बंदुकीत सेफ्टीचं बटण आणि मॅगझिन सोडायचं बटण शेजारी शेजारी होतं. घाईत सैनिक भलतंच दाबायचे आणि मॅगझिन खाली पडायचं. मग बटणाच्या जागी खटका आला. मूळ वस्तूशी इमान हाच निकष असेल, तर माझ्या मते इनलँड सरस. .२२वाली म्हणजे निव्वळ पोशाख.

पण छर्र्यांची नक्कल जितकी हुबेहूब, तितकी चांगली, हे मला पटत नाही. दिसायला ती अस्सल, आणि दुरून बघणाऱ्याला मॅगझिनमध्ये काय आहे ते कसं कळणार?

५ ऑगस्ट २०१४. डेटनला लागूनच असलेलं बीव्हरक्रीक. जॉन क्रॉफर्ड या २२ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने वॉलमार्टमधली, विक्रीला ठेवलेली छर्र्यांची रायफल उचलली आणि फोनवर बोलत तो दुकानात फिरत राहिला. एका ग्राहकाने पोलिसांना फोन केला. पोलीस आले आणि त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. ग्रँड ज्युरीने कुणावरही आरोप ठेवला नाही.

अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीला नारिंगी टोक लागतं; छर्र्यांच्या बंदुकांना त्यातून सूट आहे. ती सूट काढायलाच हवी. पण तेवढ्याने भागेल असं मला वाटत नाही, कारण बघणारा आधी बंदूक बघतो की ती धरणारा हात, हा प्रश्न उरतोच. त्या वर्षी ओहायोत खरीखुरी, भरलेली रायफल उघडपणे घेऊन फिरणं हा गुन्हा नव्हता.