फॅफ्सा भरायचा कोणी?

अमेरिकेत पदवीच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य हवे असेल, तर फॅफ्सा हा अर्ज भरावा लागतो. आई-वडील एका घरात राहत असतील तर अर्जात दोघांचे उत्पन्न आणि मालमत्ता येते. घटस्फोटानंतरही ते एकाच छताखाली राहत असले तरी हाच नियम आहे. घटस्फोटित किंवा विभक्त पालकांची घरे वेगळी असतील तर मात्र एकाच पालकाची माहिती द्यायची असते. तो पालक कोण हे विद्यार्थ्याच्या सोयीवर सोडलेले नाही. ते ठरवण्याची कसोटी २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बदलली. सल्लागाराच्या फायलीत जुन्या नियमावर बेतलेली टिपणे असतील, तर ती आता बाजूला काढलेली बरी.

जुना नियम मुक्कामाचा होता. अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत मूल ज्याच्याकडे अधिक दिवस राहिले, त्या पालकाचे उत्पन्न धरले जाई. त्यामुळे कमी कमावणाऱ्या पालकाकडे मुक्काम थोडा वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई, आणि तो बेकायदा नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या फॅफ्सा सुलभीकरण कायद्याने दिवस मोजणे बंद केले. आता मागील १२ महिन्यांत मुलाचा आर्थिक भार ज्याने अधिक उचलला, तो पालक. भार अगदी समसमान असेल, तर ज्याचे उत्पन्न आणि मालमत्ता जास्त, तो. न्यायालयाने ताबा कोणाला दिला, करविवरणात मुलाला अवलंबित म्हणून कोणी दाखवले, यांवरून हा पालक ठरत नाही.

भाराच्या हिशेबात रोख रकमेबरोबर घर, जेवण, कपडे, गाडी, औषधोपचार, कॉलेजची फी हे सगळे येते. मुलाच्या संगोपनासाठी एक पालक दुसऱ्याला देतो ती चाइल्ड सपोर्टची रक्कम देणाऱ्याच्या बाजूला पडते. समजा, मुलगी वर्षभर आईकडे एडिसनला राहते, आईचा पगार बेताचा आहे, आणि वडील दरमहा मोठी रक्कम पाठवून आरोग्यविम्याचा हप्ताही भरतात. जुन्या नियमाने हा अर्ज निःसंशय आईचा होता. आता तो वडिलांचा ठरू शकतो, आणि मग पेल ग्रँट हे सरकारी अनुदान हातून जाऊ शकते. २०२५-२६ साठी या अनुदानाची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. म्हणून घरभाडे, किराणा आणि डॉक्टरची बिले यांचा वर्षभराचा हिशेब आईने जपून ठेवणे हे कारकुनी काम राहिलेले नाही.

मराठी कुटुंबांत आणखी एक गुंता दिसू शकतो. मूल अमेरिकेत जन्मलेले, म्हणून साहाय्यास पात्र. पण घटस्फोटानंतर एक पालक पुण्याला किंवा ठाण्याला परतलेला. अधिक भार त्याचा असेल तर अर्जातला पालक तोच. त्याच्याकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही, ही अडचण ठरत नाही. त्याचे रुपयांतले उत्पन्न डॉलरमध्ये बदलून लिहावे लागते. राहते घर फॅफ्सा मोजत नाही, पण कोथरूडला भाड्याने दिलेला दुसरा फ्लॅट मोजते, आणि वडिलोपार्जित जमिनीतला स्वतःचा हिस्साही. पालकाच्या मालमत्तेवर जास्तीत जास्त ५.६४ टक्के दराने वार्षिक आकारणी होते, म्हणजे तेवढी रक्कम शिक्षणासाठी उपलब्ध धरली जाते, तर विद्यार्थ्याच्या नावावरील पैशावर २० टक्के. आजीने नातवंडाच्या नावावर प्रेमाने केलेली मुदतठेव या हिशेबात सर्वांत महाग पडते.

चाइल्ड सपोर्टबाबतचा बदल घेणाऱ्याच्या पथ्यावर पडला आहे. पूर्वी ती रक्कम करमुक्त उत्पन्न म्हणून धरली जाई आणि वरच्या पायरीवर तिच्यावर ४७ टक्क्यांपर्यंत आकारणी होई. आता ती मालमत्तेच्या रकान्यात जाते. वर्षाला १२,००० डॉलर मिळत असतील, तर वरच्या दराने ५,६४० डॉलरऐवजी फार तर ६७७ डॉलरचा फरक पडतो. देणाऱ्याला मात्र दिलासा नाही: दिलेली रक्कम उत्पन्नातून वजा करण्याची सवलत याच फेरबदलात गेली.

पुनर्विवाहाचा परिणाम सर्वांत मोठा, आणि ऐकणाऱ्याला सर्वांत अन्यायाचा वाटणारा. अर्जातल्या पालकाने पुन्हा लग्न केले असेल, तर सावत्र पालकाचे उत्पन्न आणि मालमत्ता जमेस धरली जाते. शिक्षणाचा खर्च आपण करणार नाही असा करार त्याने लग्नापूर्वी केलेला असला, तरी फॅफ्सा तो करार पाहत नाही.

करविवरणातही एक खाच आहे. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचे विवरण वापरते. २०२६-२७ च्या अर्जाला २०२४ चे. घटस्फोट त्यानंतर झाला असेल तर विवरण संयुक्त असू शकते, आणि त्यातून एकाचेच उत्पन्न वेगळे काढावे लागते. मुलाला आलटून पालटून अवलंबित दाखवण्याची तडजोड झालेली असेल, तर विवरणावरून आलेली कुटुंबाची संख्या एकाने कमी भरू शकते. ती हाताने दुरुस्त करावी लागते.

हे सारे सरकारी साहाय्याचे झाले. अनेक खासगी विद्यापीठे स्वतःच्या निधीतून मदत देताना कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज मागतात, आणि त्यांतली बरीच दुसऱ्या पालकाकडूनही स्वतंत्र माहिती घेतात. राहत्या घराची किंमतही तिथे मोजली जाऊ शकते. दुसऱ्या पालकाशी वर्षानुवर्षे संबंध नसेल किंवा छळाचा इतिहास असेल, तर सूट मागता येते. मात्र शाळेतले समुपदेशक किंवा समाजसेवक अशा त्रयस्थाचे लेखी निवेदन जोडलेले असावे. नुसते ‘ते पैसे देणार नाहीत’ हे कारण चालत नाही.

पैसे देण्याची सक्ती होऊ शकते का, हे राज्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या न्यूबर्ग विरुद्ध अरिगो खटल्यात घटस्फोटित पालकांच्या वाट्यासाठी १२ निकष घालून दिले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात असा कायदा १९९३ मध्ये आला, आणि १९९५ मध्ये कर्टिस विरुद्ध क्लाइन खटल्यात तो रद्द झाला: एकत्र राहणाऱ्या आई-वडिलांवर नसलेली सक्ती घटस्फोटितांवर का, असा प्रश्न तिथे निर्णायक ठरला. या दोन राज्यांमधल्या डेलावेअर नदीच्या अलीकडचा सल्ला पलीकडे निरुपयोगी ठरतो तो असा. कॉलेजचा खर्च निम्मा-निम्मा असे कलम घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात असले, तरी ते पालकांना आपसांत बांधते. साहाय्य देणाऱ्या कार्यालयाला नाही.

ज्याचा अर्ज असायला हवा त्याच पालकाने माहिती देण्यास नकार दिला, तर विद्यार्थी आपोआप स्वतंत्र ठरत नाही. २४ वर्षे वय, विवाह, सैन्यातली सेवा अशा ठराविक कारणांनीच तो स्वतंत्र होतो. एरवी पेल ग्रँट मिळत नाही, आणि कॉलेजच्या संमतीने पहिल्या वर्षी फार तर ५,५०० डॉलरचे सरकारी कर्ज हाती येते, तेही शिकत असतानाच व्याज चढणारे. नोकरी गेली, आजारपण आले किंवा उत्पन्न घटले, तर कॉलेजचा साहाय्य अधिकारी आकडे बदलू शकतो. तो अधिकार त्याला कायद्यानेच दिला आहे, आणि त्यासाठी कागदपत्रांसह विनंती कॉलेजकडेच करावी लागते.