चेहरा जुळल्यानंतरचा प्रश्न

युरोपातील शेंगेन क्षेत्राच्या 29 देशांनी 12 ऑक्टोबर 2025पासून पासपोर्टावरील शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली. ‘एंट्री-एक्झिट सिस्टीम’ या व्यवस्थेत युरोपीय संघाबाहेरून अल्पमुदतीसाठी येणाऱ्या प्रवाशाच्या प्रवेशाची व निर्गमनाची तारीख, वेळ, ठिकाण आणि चेहऱ्याचे छायाचित्र साठवले जाते. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्या चार बोटांचे ठसेही घेतले जातात, तर मुंबईत व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याचे दहाही ठसे आधीच घेतलेले असल्याने ते केवळ ताडून पाहिले जातात. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, आणि त्यामुळे रांगा इतक्या वाढल्या की 2025च्या अखेरीस लिस्बन विमानतळावर ही व्यवस्था तीन महिन्यांसाठी थांबवावी लागली.

सोय हवी असेल तर थोडा खासगीपणा सोडावा लागणारच, अशी या विषयाची नेहमीची मांडणी असते. ती फसवी आहे. प्रवाशाचा वेळ वाचतो तो पडताळणीमुळे, म्हणजे पासपोर्टातील चिपवर असलेले छायाचित्र आणि समोर उभा असलेला चेहरा एकच आहे का, हे यंत्राने काही क्षणांत तपासल्यामुळे. आणि या कामासाठी कोणत्याही मध्यवर्ती साठ्याची गरज नसते. साठा लागतो तो निराळ्याच हेतूंसाठी. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांहून अधिक काळ कोण राहिले, हे पुसट शिक्क्यांवरून मोजणे अधिकाऱ्यांना खरोखरच जिकिरीचे होते, आणि ते शोधणे हा राज्यसंस्थेचा रास्त हेतू आहे. पण मग त्याचे समर्थन त्याच नावाने व्हावे, प्रवाशाच्या सोयीच्या नावाने नव्हे.

हा भेद कागदी नाही. युरोपातील नोंद सामान्यतः शेवटच्या निर्गमनानंतर तीन वर्षे राहते, निर्गमनाची नोंदच सापडली नाही तर पाच वर्षे. म्हणजे यंत्र चुकले तरी मुदत ओलांडल्याचा संशय प्रवाशावर येतो आणि तो वेळेत परतल्याचा पुरावाही त्यालाच द्यावा लागतो. (अशा वेळी जुना बोर्डिंग पासच कामाला येतो!) शिवाय दहशतवाद व गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांना आणि युरोपोलला हा साठा पाहता येतो. अमेरिकेत तर सीमेवरच्या एकाच कॅमेऱ्याने टिपलेले नागरिकाचे छायाचित्र 12 तासांत पुसले जाते आणि परकीयाचे 75 वर्षांपर्यंत ठेवता येते. ओळख पटवण्याचे काम दोघांच्याही बाबतीत तेवढेच असते. अशा साठ्यांची जोखीम 2019मध्ये दिसली : अमेरिकी सीमा यंत्रणेच्या एका प्रायोगिक प्रकल्पातील प्रवाशांची सुमारे 1,84,000 छायाचित्रे उपकंत्राटदाराच्या संगणकातून चोरीला गेली.

भारतात देशांतर्गत प्रवासासाठीची ‘डिजी यात्रा’ आणि इमिग्रेशनची ‘फास्ट ट्रॅक’ योजना यांची अनेकदा गल्लत होते. दुसरी योजना जून 2024मध्ये दिल्लीत आणि जानेवारी 2025मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली. ती ऐच्छिक असून तिच्यासाठी ठसे व चेहरा आधी नोंदवावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 2017च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात होणारा हस्तक्षेप कायद्यावर आधारलेला, रास्त हेतूचा व त्या हेतूच्या प्रमाणात असावा, अशी कसोटी सांगितली. मात्र 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे कलम 17 सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणास्तव केंद्राला आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळण्याची मुभा देते, आणि सीमेवरची यंत्रणा त्या सवलतीची साहजिक दावेदार ठरते.

म्हणून विदा केव्हा पुसायची, ती मुदत योजनेच्या माहितीपत्रकात नव्हे तर कायद्यात लिहिली गेली पाहिजे आणि ती पाळली जाते का, हे बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासले पाहिजे. त्याचबरोबर अधिकारी बसलेली खिडकी पुरेशा मनुष्यबळानिशी चालू राहिली पाहिजे. रेशन दुकानातील यंत्रावर कष्टकऱ्यांचे झिजलेले अंगठे कसे उमटत नाहीत, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे, आणि आखाती देशांत मजुरीला जाणारेही हेच लोक आहेत.