सकाळचा गारवा, दुपारचे ऊन आणि दुचाकीस्वाराचा पोशाख

संक्रांतीच्या सुमारास आपल्या वसई-विरार भागात हवेचे दोन चेहरे दिसू लागतात. पहाटे निर्मळ, भुईगाव, अर्नाळा बाजूच्या वाड्यांमधून मोटारसायकलवर निघालेल्या माणसाला हुडहुडी भरते आणि तोच माणूस दुपारी महामार्गावर घामाने निथळत असतो. पहाटे पारा १६-१७ अंशांवर, तर दुपारी ३१-३२ अंशांवर. एकाच दिवसात सुमारे पंधरा अंशांचा हा फरक लोकलने जाणाऱ्याला फारसा जाणवत नाही. दुचाकीवाल्याला मात्र तो थेट अंगावर घ्यावा लागतो. म्हणून या दिवसांत दवाखान्यात येणारे बरेच दुचाकीस्वार विचारतात, "डॉक्टर, सकाळी काय घालावे आणि दुपारी काय काढावे?" माझे उत्तर त्यांना थोडे चमत्कारिक वाटते. मी सांगतो, दुपारी काय काढायचे नाही, ते आधी ठरवा.

कारण आपल्याकडे दुचाकीवरचे जाड कपडे म्हणजे थंडीचे कपडे, अशी समजूत रुजली आहे. सकाळी जॅकेट, हातमोजे, बूट असा जामानिमा असतो. परतीच्या वेळी जॅकेट कमरेला बांधलेले, हातमोजे खिशात आणि हेल्मेट आरशाला अडकवलेले दिसते. रस्ता मात्र सकाळी जितका कठीण असतो, तितकाच दुपारीही असतो.

थंडी नेमके काय करते?

आपल्या त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो. गाडी वेगात निघाली की वारा हा थर सतत उडवून लावतो. त्यामुळे १६ अंशांची हवा चालत्या गाडीवर त्याहून बरीच गार वाटते. सर्वात आधी बोटे, गुडघे आणि छाती गारठते. छाती गारठली की शरीर आतील अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करते. बोटे ताठरतात, ब्रेक आणि क्लच किती दाबला याचा अंदाज येत नाही, डोळ्यांतून पाणी येऊ लागते. थंडीचा खरा धोका हा आहे. सर्दी ही विषाणूंमुळे होते. वाऱ्याला घाबरायचे ते सर्दीसाठी नव्हे, तर ताठरलेल्या बोटांसाठी.

येथे आणखी एका समजुतीविषयी सांगितले पाहिजे. 'गाडीवर गार वारा लागला आणि तोंड वाकडे झाले' असे लोक सांगतात. चेहऱ्याच्या नसेला सूज आल्याने हा प्रकार होतो. त्याचा संबंध बहुधा शरीरात सुप्त राहिलेल्या विषाणूशी असावा, असे मानले जाते. वाऱ्यानेच तो होतो हे सिद्ध झालेले नाही. तेव्हा वाऱ्याला दोष देत, शेक घेत घरी बसू नका. तोंड वाकडे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एक तर तो पक्षाघात नाही ना, हे तपासावे लागते आणि दुसरे म्हणजे, या आजारावरची औषधे पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्यास गुण चांगला येतो.

ऊन काय करते?

सकाळी तुंगारेश्वरच्या बाजूने जमिनीवरचा वारा येतो आणि दुपारी समुद्रावरचा. हा समुद्रवारा वेळेवर सुटला तर दुपार सुसह्य होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो उशिरा सुटला तर पारा झपाट्याने चढतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. त्यामुळे 'आपल्याकडे समुद्र आहे, आपल्याला ऊन लागत नाही' या भ्रमात राहू नये. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसे दगावली, तेही समुद्रापासून फार दूर नव्हते.

उन्हात उघड्या हातांनी गाडी चालवली की गार वाटते, हे अर्धेच खरे आहे. त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत वारा शरीराची उष्णता काढून घेतो. हवा त्याहून तापली की तोच वारा शरीराला उष्णता देऊ लागतो. मग गारवा देण्याचे काम एकट्या घामाला करावे लागते. उघड्या त्वचेवर ऊन पडते, घाम झरझर वाळतो आणि शरीरातील पाणी कमी होत असल्याचे लक्षातही येत नाही. वाळवंटातील लोक अंगभर सैल कपडे घालतात ते उगाच नव्हे. आपल्याकडे शेतावर राबणारा माणूसही डोक्याला फडके गुंडाळतो आणि बाह्या खाली सोडतो.

डांबर ऋतू पाहत नाही

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. या वेगात पडलेला माणूस रस्त्यावर घसरत जातो. साध्या सुती शर्टाचा तेथे काही निभाव लागत नाही. साधी जीन्सही सेकंदभरात फाटते. स्वस्त नायलॉनचे विंडचीटर घर्षणाने वितळून जखमेला चिकटते, ते सोडवताना रोग्याचे आणि आमचेही हाल होतात. याउलट जाड चामडे किंवा खास दुचाकीसाठी विणलेले कापड काही सेकंद टिकते आणि घसरणे थांबायला तेवढा वेळ बहुधा पुरतो.

वालीवच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण मला या संदर्भात नेहमी आठवतो. थंडी वाजते म्हणून सकाळी तो हातमोजे घालून गेला होता. दुपारी परतताना वळणावरच्या वाळूवर गाडी घसरली. हाड मोडले नाही, पण पडताना माणूस जे करतो तेच त्यानेही केले, दोन्ही हात पुढे टेकवले. दोन्ही तळहातांची कातडी सोलली आणि आत खडी रुतली. कित्येक आठवडे त्याला घास हाताने घेता येत नव्हता, मग लेथ कसली चालवणार? रोजंदारीवर घर चालवणाऱ्या माणसाचे हात म्हणजेच त्याचे भांडवल. ड्रेसिंग करताना त्याच्या पँटच्या खिशातून हातमोजांची जोडी निघाली. तिला साधा ओरखडाही नव्हता.

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दुचाकीसाठीचे खास हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण ते न घातलेल्यांपेक्षा ५९ टक्क्यांनी कमी होते. खास पँट घातलेल्यांत ते ५१ टक्क्यांनी, तर जॅकेट घातलेल्यांत २१ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र सुमारे तीस टक्के जॅकेटे अपघातात फाटली किंवा उसवली, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणजे नाव जॅकेटचे असले तरी शिवण पाहून घेतली पाहिजे. पोशाख कातडी वाचवतो. जोराच्या धडकेत हाड वाचेलच, असे कोणी सांगू शकत नाही.

खरेदी उन्हासाठी, सोय थंडीसाठी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. "उन्हाळ्यात जॅकेट घालून भोवळ येऊन पडायचे का?" असे कोणी विचारले, तर त्याचा आक्षेप मला मान्य आहे. अस्तर लावलेले जाड किंवा चामड्याचे जॅकेट आपल्या दमट हवेत दुपारी घालणे त्रासाचे आहे आणि घातकही ठरू शकते. पण त्यावर उपाय जॅकेट काढणे हा नाही. चुकीचे जॅकेट न घेणे, हा उपाय आहे.

आपल्याकडे थंडी वर्षातून काही आठवडे आणि दिवसातून दोन-तीन तास असते. उकाडा मात्र जवळजवळ बाराही महिने असतो. म्हणून मुख्य कपडा उन्हाचा हिशेब करून घ्यावा आणि थंडीची सोय वरून करावी. आपले लोक नेमके उलटे करतात. थंडीच्या आठवड्यात दुकानात जाऊन सर्वात उबदार जॅकेट घेतात आणि होळीनंतर ते कपाटात टाकतात.

माझा सल्ला असा. दुचाकीसाठी बनवलेले जाळीच्या कापडाचे जॅकेट घ्यावे. त्यातून वारा आरपार जातो, पण खांदे आणि कोपरांवर जाड कापड आणि आत पॅड असतात. पॅड जागेवरून हलणार नाहीत इतपत ते अंगाबरोबर बसावे, पण घट्ट नसावे. कपड्यावर सीई खूण असेल तर युरोपच्या ईएन १७०९२ या मानकानुसार दर्जा पाहावा. ट्रिपल ए सर्वात टिकाऊ, त्याखाली डबल ए आणि मग ए. हलकी जाळी बहुधा ए दर्जाची असते, पण शर्टापेक्षा ती कितीतरी पटींनी बरी. रंग शक्यतो फिका घ्यावा. तो उन्हात कमी तापतो आणि पहाटेच्या धुक्यात लांबून दिसतो.

पहाटेसाठी याच जॅकेटच्या आत वारा अडवणारे पातळ, बिनबाह्यांचे जाकीट घालावे. ऊन चढले की थांबून ते काढावे आणि डिकीत टाकावे. घडी केल्यावर ते मुठीएवढे होते. वरचे जॅकेट मात्र अंगावरच राहू द्यावे. एवढाही खर्च करायचा नसेल तर वाचून झालेले वर्तमानपत्र शर्ट आणि जॅकेट यांच्यामध्ये छातीवर ठेवावे. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत डोंगर उतरताना नामांकित स्पर्धकही ही युक्ती करीत आले आहेत. जॅकेट उलटे करून चेन पाठीकडे ठेवण्याची आपल्याकडची पद्धत मात्र सोडावी. पॅड भलत्या जागी जातात आणि पाठ उघडी पडते.

सगळे एकदम घेणे परवडत नसेल तर क्रम असा ठेवा. आधी आयएसआय खुणेचे हेल्मेट, मग घोटा झाकणारे बूट, मग हातमोजे, मग जॅकेट आणि शेवटी पँट. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय हेल्मेट विकण्यास बंदी आहे. हेल्मेटच्या आत जाड लोकरीची कानटोपी घालू नये, त्याने हेल्मेट सैल बसते. पातळ सुती टोपी चालेल. मफलरची टोके मोकळी सोडू नयेत. पहाटे काळी काच वापरू नये. चपला आणि सँडल यांना गाडीवर जागा नाही.

विरारहून मनोर, विक्रमगडमार्गे जव्हारला जाणाऱ्या तरुणांनी तर हे अवश्य पाळावे. जव्हार सुमारे दीड हजार फूट उंचीवर आहे. पहाटे निघताना बोटे गारठतात आणि दुपारी उतरताना डोके तापते. जाळीचे जॅकेट गाडी चालू असेपर्यंतच थंडावा देते, महामार्गावरच्या कोंडीत ते काही करू शकत नाही. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन सावलीत थांबावे, जॅकेट उघडावे, पाणी किंवा लिंबू-मीठ-साखरेचे सरबत प्यावे. तासाभराने थांबण्याची सवय ठेवावी. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे ही लक्षणे दिसली की प्रवास थांबवावा. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर अंगावर पाणी ओतून वारा घालत तातडीने रुग्णालय गाठावे.

मागे बसणाऱ्यांचे काय?

मागे बसणारी पत्नी साडीत किंवा ओढणीत, पुढे टाकीवर बसलेले मूल हाफ पँटमध्ये आणि हेल्मेट फक्त चालवणाऱ्याला, हे दृश्य वसई, नालासोपारा, विरार सगळीकडे दिसते. पडताना रस्ता तिघांनाही सारखाच लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मागच्या बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नसलेले आच्छादन असावे लागते. ते आच्छादन दिसायला बरे नाही म्हणून काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. ओढणी चाकात अडकली की गळ्याला फास बसतो. तिची टोके गाठ मारून जॅकेटच्या आत घ्यावीत, पदर कमरेला घट्ट खोचावा. चार वर्षांवरील मुलांना हेल्मेट बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम आहे. पुढे बसलेले मूल सगळा वारा अंगावर घेते आणि अचानक ब्रेक लागला तर पहिला मारही त्यालाच बसतो. त्याला पुढे बसवूच नये.

कपड्यांची निगा

घामट कपडे रोज तसेच घातले तर घामोळे आणि गजकर्ण ठरलेले. आत सुती किंवा घाम लवकर वाळणारा बनियन घालावा आणि तो रोज बदलावा. हेल्मेटमधले अस्तर आठवड्यातून एकदा धुवावे. जॅकेट पॅड काढून साध्या साबणाने धुवावे आणि सावलीत वाळवावे. हेल्मेटने टक्कल पडते ही तक्रारही मी ऐकतो. केस बहुतेकांचे अनुवंशिकतेने जातात, हेल्मेटने नव्हे.

लाखाची गाडी हप्त्याने घेऊन देणारे आईवडील हातमोजांच्या जोडीसाठी दुकानात घासाघीस करतात, याचे मला वाईट वाटते. गाडी घ्याल त्या दिवशीच पोशाखाचे पैसे बाजूला काढा आणि तो उन्हाळ्यात घालता येईल असाच निवडा. कारण जो कपडा दुपारी दोन वाजता अंगावर राहत नाही, तो दुचाकीस्वाराच्या काही कामाचा नाही, मग तो सकाळी सहाला कितीही उबदार का असेना.