साक्षही पुरावाच आहे

वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी दिली आहे, तशी यादी आपल्या महसुली कारभारात सहसा आढळत नाही. तेराव्या नियमात सरकारी कागद, नकाशे, ओळखपत्रे आहेतच. पण त्यांच्या जोडीला घर, झोपडी, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान, वंशावळ आणि दावेदाराखेरीज गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली, लिहून घेतलेली हकीगतही आहे. यामागे विचार आहे. 2006 साली संसदेने हा कायदा केला तेव्हा जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली त्याच्या उद्देशिकेतच दिली. इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही जंगले सरकारजमा होत गेली, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क नीट नोंदवले गेले नाहीत. ज्यांची नोंदच आपण केली नाही त्यांच्याकडे नोंदीचा उतारा मागायचा, हा उफराटा न्याय टाळावा म्हणून ती यादी इतकी मोकळी ठेवली गेली. प्रत्यक्षात दावा तपासणारी यंत्रणा अनेक ठिकाणी कागद आणि उपग्रहाचे चित्र यांच्यापुढे जात नाही. माणसांच्या तोंडी असलेले ज्ञान कायद्याने पुरावा ठरवले आहे. ते पुराव्याच्या रूपात पद्धतशीर उभे करणे हे समाजशास्त्रीय संशोधनाचे आजचे सर्वांत निकडीचे काम आहे, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रातच याचे दोन टोकांचे अनुभव आहेत. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. त्यात मेंढा-लेखाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्या सामूहिक हक्कांपैकी एक. या यशामागे ग्रामसभांची आणि कार्यकर्त्यांची मेहनत आहे, पण आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. जुन्या मध्य प्रांताच्या कारभारात गावोगावी निस्तार पत्रके तयार झाली होती. कोणत्या गावाने कुठल्या जंगलातून लाकूड, बांबू, गवत घ्यायचे, गुरे कुठे चारायची, हे त्यांत लिहिलेले होते. कोकणातल्या कातकरी वाडीकडे असा आधार नाही. कात पाडण्याचा धंदा वनखात्याच्या निर्बंधांनी संपला, मग कोळसाभट्टी, मग वीटभट्टी. वर्षातले कित्येक महिने घराला कुलूप. अशा कुटुंबाची जंगलाशी असलेली नाळ गडचिरोलीतल्या गोंड कुटुंबापेक्षा कमी खरी नाही, फक्त ती कुणी लिहून ठेवलेली नाही. हक्क मिळणे न मिळणे जुन्या प्रांतांच्या दप्तरपद्धतीवर अवलंबून राहत असेल, तर तो हक्क कसला? आदिवासी नसलेल्या वननिवासींची अडचण याहून मोठी आहे. त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, म्हणजे 1930 पासूनचे. भूमिहीन माणसाकडे 1930 सालचा कागद कुठून यायचा?

उपग्रहाचे चित्र पक्षपात करत नाही, असे यावर सांगितले जाते. चित्र पक्षपात करत नसेल, पण ते सगळे पाहतही नाही. नाचणी-वरईची उताराची शेती पावसाळ्यात उभी असते, आणि त्याच दिवसांत सह्याद्रीवर ढग असतात. स्वच्छ चित्र मिळते ते पीक निघून गेल्यावरचे, जेव्हा तो तुकडा पडीक माळासारखा दिसतो. मोहाची फुले कोण वेचते, मध कोण काढते, गुरे कुठल्या वाटेने जातात, गावाचा देव कुठल्या झाडाखाली आहे, हे कितीही उंचावरून पाहिले तरी कळणार नाही. म्हणूनच 2012 च्या दुरुस्तीने उपग्रहचित्र हे इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारे नाही, असे स्पष्ट केले. 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्याच्या आतच तो स्थगित केला, कारण हे दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले गेले हा प्रश्न पुढे आला. लाखो कुटुंबांचे राहते घर त्या उत्तरावर टांगलेले होते.

तोंडी साक्ष खोटी असू शकते, तिच्या आडून अलीकडचे अतिक्रमण नियमित करून घेतले जाईल, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. असे दावे झालेही असतील. परंतु ही साक्ष बंद खोलीत दिली जात नाही. ग्रामसभेत निम्म्या सभासदांची हजेरी लागते, हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया असाव्या लागतात. शेजारच्या गावाशी शिवेचा वाद असेल तर दोन्ही ग्रामसभांनी मिळून तो सोडवायचा असतो. ज्यांच्या जंगलाचा वाटा घटणार आहे तेच समोर बसलेले असताना खोटे सांगणे सोपे नसते. शिवाय कागद खरेच बोलतो हे तरी कुठे सिद्ध झाले आहे? विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेल्या सुमारे 86 हजार हेक्टर जमिनीचा प्रश्न 2025 साली सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाला. त्या नोंदीखालच्या कित्येक जमिनींवर घरे, शाळा, सरकारी कार्यालये, स्मशानभूमी केव्हाच उभ्या होत्या. कागदाची इतकी मोठी चूक आपण प्रशासकीय गुंता म्हणून समजून घेतो आणि म्हाताऱ्याच्या आठवणीतली एखाद्या वर्षाची गल्लत झाली की दावा फेटाळतो.

दुसरा आक्षेप विद्यापीठांतून येतो. संशोधकाने दाव्यासाठी पुरावे गोळा केले की तो कार्यकर्ता झाला, त्याची तटस्थता गेली. मला यात दोन गोष्टींची गल्लत दिसते. निष्कर्ष आधी ठरवून माहिती जमवणे वाईटच. पण प्रश्न कुणाचा घ्यायचा हे ठरवताना कुठलाच अभ्यासक तटस्थ नसतो; खाण कंपनीसाठी सामाजिक परिणामांचा अहवाल लिहिणाराही नसतो. तटस्थता पद्धतीत दिसली पाहिजे: विरोधी साक्षही नोंदवणे, कुणी काय पाहिले आणि काय नुसते ऐकले हे वेगळे लिहिणे, शिवेवर प्रत्यक्ष फिरून पडताळणे. अशी टिपणे उलटतपासणीतही टिकतात. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या प्रस्तावित खाणीबाबत सक्सेना समितीचा 2010 चा अहवाल तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या बाजूने भक्कम उभा राहिला. तरी अखेरचा निर्णय 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तज्ज्ञांचा अहवाल आणि लोकांचा निर्णय यांची अशी सांगड बसू शकते. मेंढ्यात तर मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांनी गावाचाच अभ्यासगट उभा केला होता. बाहेरचा जाणकार तिथे चर्चेला येई, निर्णय मात्र गावाचा असे. आणखी एक भीती बोलून दाखवली जाते: हक्क दिला की जंगल संपेल. तिला चंद्रपूरच्या पाचगावने उत्तर दिले आहे. आगी लागतात आणि झाडे छाटली जातात म्हणून त्या ग्रामसभेने रोख पैसा देणारा तेंदूपत्त्याचा हंगामच सोडून दिला.

तेव्हा विद्यापीठांनी आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने हे काम आपले मानावे. पाड्यावर बसून केलेल्या प्रत्येक प्रबंधाची नोंद, नकाशा आणि वंशावळ मराठीत त्या ग्रामसभेच्या हाती द्यावी. आज ती इंग्रजीत ग्रंथालयात पडून राहते आणि ज्यांच्या बोलण्यातून ती उभी राहिली त्यांना दाव्याच्या वेळी मिळत नाही. शासनाने फेटाळलेल्या प्रत्येक दाव्याचे कारण लेखी कळवावे, कारण साठ दिवसांची अपिलाची मुदत त्या कागदावर चालते. आणि हे सगळे लवकर व्हायला हवे. 1930 साल प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत, त्यांच्याकडून ऐकून शिवेच्या खुणा सांगणारी पिढीही सत्तरी ओलांडून गेली आहे. येत्या चार-पाच वर्षांत त्यांच्या साक्षी लिहून घेतल्या नाहीत, तर तेराव्या नियमातले ते कलम पुस्तकात राहील, पण त्याखाली दाखल करायला काही उरणार नाही.