हजेरीपट नको, पिकाचा हिशेब द्या



हंगामाच्या तोंडावर गावोगाव प्रशिक्षणाचे मांडव पडतात. सतरंजी, चहा, साहेबांचे भाषण, हजेरीपटावर सही किंवा अंगठा, शेवटी फोटो. कागदावर प्रशिक्षण यशस्वी! वखरामागे चालणाऱ्याच्या हाती काय आले, हे विचारायला कोणी परत येत नाही. हा पैसा आपल्याच करातून जातो. त्याचा हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

प्रश्न किरकोळ नाही. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्याच वर्षी बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी शिरली आणि अनेकांना उभी पऱ्हाटी मोडावी लागली. याचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडणे हा खोटारडेपणा आहे. बियाणे, औषध आणि देखरेख यांतले पाप झाकायला ‘शेतकऱ्याला शिकवा’ ही ढाल पुढे करतात. तरीही वेळेवर, हाताने शिकलेली गोष्ट खर्च आणि जीव दोन्ही वाचवते. म्हणून शिक्षण हवे, पण खरे हवे.

हाताने शिकणे वर्ध्याला परके नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामात नई तालीम चालली. काम करता करता शिकायचे, हे तिचे सूत्र. इंडोनेशियात १९८९ साली भातशेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या, त्याही हंगामभर, आठवड्याला एकदा, थेट बांधावर. ‘शेतीशाळा’ हे नाव आपल्याकडच्या योजनांतही आले. नावाबरोबर रीत आली का, ते पाहा.

धडा पिकाच्या वयाप्रमाणे हवा. ज्वारीवरची खोडमाशी कोवळ्या रोपालाच धरते, म्हणून तिचा धडा पेरणीआधी. बोंडअळीचा धडा पात्या-फुले लागताना. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग, किंवा २० हिरव्या बोंडांत २ किडकी, म्हणजे फवारणीची वेळ आली. हे भाषणातून हाती लागत नाही. बोंडे स्वतः फोडून मोजावी लागतात.

धडा कोणाला, हेही विचारा. सातबारा ज्याच्या नावाचा, तो मांडवात बसतो. पंप ज्याच्या पाठीवर, तो मजूर आणि कापूस वेचणारी बाई कामावर असतात. त्यांना बोलवायचे तर वेळ त्यांच्या सोयीची ठेवा आणि बुडालेली मजुरी द्या.

आता तपासणी. अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली चार प्रश्न मांडले: शिकणाऱ्याला धडा कसा वाटला, तो काय शिकला, त्याच्या कामात काय बदलले, निकाल काय लागला? आपली गाडी पहिल्याच प्रश्नावर, फोटोपाशी थांबते. पुढचे तीन प्रश्न आपणच विचारू. धड्याआधी आणि धड्यानंतर १० बोंडे हातात देऊन किडकी ओळखायला लावा. महिन्याने शेतात सापळा लागला का, फवारणाऱ्याच्या तोंडावर फडके आणि हातात मोजे आले का, ते पाहा. वेचणी संपल्यावर एकरी फवारण्या, खर्च आणि कापूस, हे शिकलेल्या आणि न शिकलेल्या शेतकऱ्यांच्या वह्यांतून शेजारी-शेजारी मांडा. जमीन आणि पाऊस सारखा असलेली शेते निवडा, नाहीतर पावसाचे श्रेय साहेब घेऊन जातील.

भावाची लढाई आपली आपण लढतोच आहोत. चांगल्या प्रशिक्षणाने कापसाला भाव मिळत नाही. पण वाया जाणारी एक फवारणी वाचली तर ते पैसे घरात राहतात. म्हणून आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत प्रत्येक तालुक्याने या बैठकीत ठराव करावा: गावात प्रशिक्षण घ्यायचे असेल तर हंगामभर या, बांधावर या, आणि वेचणीनंतर गावसभेत हिशेब वाचून दाखवा. हे मान्य नसेल, तर आपली सही हजेरीपटावर पडणार नाही.