यंत्राचे माप आणि हलणारे गिऱ्हाईक

मागच्या महिन्यात आमच्या नातेपुत्याच्या दुकानात एक विक्रेता आला. कॅमेऱ्यापुढे माणूस उभा करायचा, की गणवेशाचे माप तयार, टेपची गरज नाही, असा त्याचा दावा होता. दुकानातल्या पुतळ्याचे माप त्याने मिलिमीटरपर्यंत बरोबर दाखवले. मग आम्ही पुतण्याचा सात वर्षांचा मुलगा उभा केला. तीन वेळा माप घेतले, छाती तिन्ही वेळा वेगळी! विक्रेता म्हणाला, पोर चुळबुळ करते. आम्ही म्हणालो, गिऱ्हाईक पुतळा नसते.

आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे, पण हिशेब आम्हाला कळतो. हा कॅमेरा अंगाचा प्रत्येक बिंदू किती अंतरावर आहे ते मोजतो. एका जातीचा कॅमेरा अंगावर उजेडाचे पट्टे टाकून एकामागून एक अनेक फोटो काढतो आणि सगळ्यांचा मिळून हिशेब करतो. पहिल्या आणि शेवटच्या फोटोच्या मध्ये पोर हलले, तर हिशेब बिघडला. दुकानात विक्री चालू ठेवून मालाची मोजदाद करावी, तसला हा प्रकार. दुसरी जात उजेड जाऊन परत येण्यावरून अंतर काढते; तिलाही एका मापासाठी बहुधा अनेक नोंदी लागतात. दोन भिंगांची जात दोन्ही फोटो एकाच क्षणी घेते. तिथे हलण्याचा त्रास कमी, फार तर चित्र पुसट येते.

सेकंदाला ३० मापे म्हणजे फार झपाट्याचे वाटते. पण सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगाने हलणारा हात तेवढ्या वेळात २ सेंटिमीटर सरकतो. अंगाभोवती फिरून माप घेणाऱ्या काही यंत्रांना तर कित्येक सेकंद लागतात, आणि १० सेकंदांत माणूस दोन-तीन श्वास घेतो. श्वासाने किती फरक पडतो, हे पोलीस भरतीला गेलेल्या पोरांना विचारा. तिथे छाती किमान ५ सेंटिमीटर फुगावी लागते. आमचे जुने उस्ताद टेप लावून मुलाला त्याचे नाव विचारतात. बोलताना श्वास सुटतो, तेवढ्यात माप घेतात.

ताका मोजायच्या यंत्रात कापड पळतच असते, तरी माप बरोबर येते. कारण तिथे रूळ कापडाबरोबर फिरतो. तो घसरला तरच घोटाळा.

यंत्र वाईट, असे आमचे म्हणणे नाही. टेबलावर पसरलेला शिवलेला माल किंवा उभी खोकी मोजायला खुशाल घ्या. पण सोलापूरचा गणवेश परराज्यांत जातो. तिथून अर्ध्या इंचासाठी माल परत आला, तर यंत्र विकणारा भरपाई देत नाही. पीसवर शिवणाऱ्याची मजुरी कापली जाते. म्हणून किंमत विचारण्याआधी एका मापाला किती वेळ लागतो आणि किती फोटो लागतात, ते विचारा. चाचणीही हलत्या पोरावर घ्या, आपल्याच दुकानात.

आमच्या विक्रेत्याला हेच विचारले. कंपनीकडून माहिती घेऊन कळवतो, असे सांगून तो गेला आहे. पोराचे माप आम्ही टेपने घेतले, छाती साडेचोवीस इंच.